फोनची बदली

(गेल्या उत्सवात पाचव्या दिवशी सायंआरतीनंतर मंडळाच्या मांडवात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना एक-दोन ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



गणरायाच्या समोर उभं राहून मोबाईल फोनवर भाषण करायचं, हे मला स्वतःलाच जरा विचित्र वाटतं आहे. या मांडवात आजवर ज्ञानेश्वरीवर बोलणारे आले, शास्त्रीय संगीतावर बोलणारे आले. पण त्याचं असं झालं की गेल्या दोन महिन्यांत मंडळातल्या सात जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, नवा फोन घ्यायचाय, कोणता घेऊ?" सचिवांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, "आठवा विचारायच्या आत सगळ्यांना एकदमच सांगून टाका." म्हणून उभा आहे.

मला विचारण्याचं कारण एवढंच, की माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. १९८१ साली जबलपूरला प्रशिक्षण घेतलं, मग इंदूर, बिलासपूर, नागपूर, विजयवाडा असं करत करत शेवटी हैदराबादला येऊन स्थिरावलो. २००० साली खात्याचं निगम झालं आणि २०१८ साली मी निवृत्त झालो. मी नोकरीला लागलो तेव्हा "कोणता फोन घेऊ" हा प्रश्नच नव्हता. फोन काळा असायचा, तबकडीचा असायचा आणि अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळायचा. तो घरी आला की लोक त्याला हार घालायचे, वर विणलेला रुमाल टाकायचे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला, तो आपल्या देशातला पहिला मोबाईल कॉल. त्या दिवशी आम्ही ऑफिसात पैज लावली होती, की हे खूळ चार श्रीमंतांपलीकडे जाणार नाही. पैज कोण हरलं, ते तुमच्या खिशात बघा.

आता विषयाकडे येतो. माझ्या भाषणाचे दोन भाग आहेत. पहिला, फोन निवडायचा कसा. दुसरा, जुन्यातून नव्यात जायचं कसं. आपण सगळे पहिल्या भागावर महिनाभर घालवतो आणि दुसऱ्यावर दहा मिनिटं. माझं म्हणणं, हे उलटं करा. का, ते शेवटी सांगतो.

निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, मुळात फोन बदलायची गरज आहे का? "फार लवकर चार्जिंग उतरतं" एवढीच तक्रार असेल तर फोन नव्हे, बॅटरी बदला. लिथियमची बॅटरी ही काही अमृतकुंभ नव्हे. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची ताकद कमी होतेच, आणि उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापली तर आणखी लवकर होते. कंपनीच्या सेवाकेंद्रात नवी बॅटरी बसवून घेतली तर नव्या फोनच्या मानानं पुष्कळ थोडक्यात काम होतं. "फोन भरला" ही तक्रार असेल तर आधी सुप्रभातची चित्रं आणि दहा-दहा वेळा आलेले तेच व्हिडिओ पुसून बघा. निम्म्या फोनांना नवसंजीवनी मिळेल.

मग बदलायचा कधी? फोनला सुरक्षेच्या सुधारणा मिळणं बंद झालं की. फोनच्या आतल्या प्रणालीत वेळोवेळी भोकं सापडतात, कंपनी ती बुजवते आणि ते ठिगळ तुमच्या फोनवर पाठवते. काही वर्षांनी कंपनी हे थांबवते. फोन चालूच राहतो, पण तो कुलूप नसलेल्या घरासारखा. ज्या फोनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, तो असा असू नये. पुढे पुढे ॲपही साथ सोडतात. जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वरचं व्हॉट्सॲप बंद झालं, ते आपल्यातल्या एक-दोघांना आठवत असेल.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, "या फोनला सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षं, आणि हे मॉडेल बाजारात कधी आलं?" दोन्ही विचारा. कारण ही वर्षं सहसा तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. समजा चार वर्षांचं आश्वासन आहे आणि दसऱ्याच्या सवलतीत तुम्हाला दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्तात मिळालं, तर तुमच्या वाट्याला दोनच वर्षं उरली. स्वस्त का आहे, ते इथे कळतं. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षांचं आश्वासन दिलं. ते महागडे फोन आहेत, ते घ्याच असं मी म्हणत नाही. पण फोनची किंमत मिळणाऱ्या वर्षांनी भागून बघा. तीन वर्षं टिकणारा पंधरा हजारांचा आणि सहा वर्षं टिकणारा चोवीस हजारांचा, यात स्वस्त कोणता? पहिला वर्षाला पाच हजारांना पडतो, दुसरा चार हजारांना. हिशेब घरी गेल्यावर सौभाग्यवतींनाही सांगा, म्हणजे मंजुरी मिळेल.

दुसरी गोष्ट, जाहिरातीतले मोठे आकडे. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हटलं की आपण हरखतो. पण असे बरेच कॅमेरे चार-चार ठिपके एकत्र करून प्रत्यक्षात साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतात. त्यात लबाडी नाही, कमी उजेडात फोटो बरा यावा म्हणून ते केलेलं असतं. पण आकड्यावर जाऊ नका. दुकानातल्या कोपऱ्यात, अंधाऱ्या जागी एक फोटो काढून बघा, लगेच समजतं. तसंच "आठ अधिक आठ जीबी रॅम" असं लिहिलेलं असतं. त्यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ म्हणजे साठवणीची जागा तात्पुरती रॅम म्हणून उसनी घेतलेली, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा खूप हळू असते. पाहुणे आले की बैठकीच्या खोलीत गाद्या घालतो, म्हणून काही घराला नवी खोली होत नाही.

तिसरी गोष्ट टेलिफोनवाला म्हणून सांगतो. फोन हा आधी बोलण्यासाठी असतो. घरात रेंज नसेल तर तो दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो, भिंतींचा आणि टॉवरच्या अंतराचा असतो. घरी वाय-फाय असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय आहे का आणि ती तुमच्या कंपनीच्या सिमवर चालते का, एवढं विचारून घ्या. आणि फोन हातात धरून बघा. अक्षर मोठं करून बघा. कानाला लावून बघा. फोन ऑनलाइन घेणार असलात तरी बघायला दुकानात जाऊन या. अबिड्सच्या जगदीश मार्केटात एक फेरी मारली तर संध्याकाळही छान जाते.

वापरलेला फोन घेणार असाल तर आणखी एक. डायलपॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवला की त्या फोनची माहिती येते. चोरीला गेलेला फोन बंद करण्याची सोय सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर २०२३ पासून आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या फोनचा हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. वहीत म्हणतो आहे. फोनमध्येच लिहून ठेवलात तर फोन गेल्यावर काय वाचाल?

निवडण्याचा भाग संपला. आता बदलीचा.

आपल्यातल्या बहुतेकांनी बदल्या केल्या आहेत. घर हलवायचं म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगायला नको. ट्रक दाराशी लागतो, पाटा-वरवंट्यापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सगळं चढतं आणि शेवटी घरातली बाई रिकाम्या घरातून एक फेरी मारते. माळा बघते, दारामागची खुंटी बघते, न्हाणीघरातला कोनाडा बघते. आणि दर वेळी काहीतरी सापडतंच. आमच्या बिलासपूरच्या घरात माळ्यावर देवाची समई राहिली होती, ती अशीच मिळाली. फोन बदलताना ही शेवटची फेरी कोणी मारत नाही. मीही मारली नाही.

२०१७ च्या दिवाळीत मी वाईला गेलो होतो. आमचे धाकटे काका तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. एके दुपारी त्यांना ओसरीवर बसवलं आणि म्हटलं, "काका, आपल्या घराण्याचं तुम्हाला ठाऊक आहे तेवढं सगळं सांगा." फोनमधलं रेकॉर्डर सुरू केलं. ते चाळीस मिनिटं बोलले. सात पिढ्यांची नावं, कोण कुठून कुठे गेलं, कोणाची जमीन कशी गेली, आजीचं माहेरचं नाव काय, कोणती सून अकाली गेली आणि तिच्या नावानं घरात कोणती रीत पडली. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं.

२०१९ साली दसऱ्याच्या सुमारास मी नवा फोन घेतला. तीन आठवडे अभ्यास केला, तक्ते केले, मुलाशी वाद घातला. जुना फोन बदल्यात देऊन अठराशे रुपये कमी होणार होते. नवा फोन घेऊन आलेला मुलगा दारात उभा, त्याला पुढच्या घरी जायची घाई. मी दहा मिनिटांत सिम काढलं, फोन कोरा केला आणि त्याच्या हातात दिला. मला पूर्ण भरवसा होता. फोटो गूगलवर जात होते, व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज रात्री होत होता, नंबर खात्यात साठवलेले होते.

काकांचं रेकॉर्डिंग फोटो नव्हतं. ते व्हॉट्सॲपही नव्हतं. ते रेकॉर्डरच्या फोल्डरात फोनच्या पोटात होतं आणि तिथून ते कुठेच जात नव्हतं. मला हे कळलं तीन आठवड्यांनी, दिवाळीत, मुलांना ऐकवायला म्हणून शोधायला गेलो तेव्हा.

मंडळी, मी सदतीस वर्षं या धंद्यात काढली. तो फोन परत मिळाला असता तरी उपयोग नव्हता, हेही मला ठाऊक होतं. हल्लीच्या फोनमध्ये सगळी माहिती सांकेतिक स्वरूपात असते आणि फोन कोरा करताना तिची किल्लीच नष्ट होते. चोरापासून आपलं रक्षण व्हावं म्हणून केलेली ही उत्तम सोय आहे. फक्त आपण स्वतःच चूक केली तर तीच आपल्यालाही दार उघडत नाही.

काकांना फोन करून सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं? पुढच्या सुट्टीत ये, पुन्हा सांगतो." २०२० च्या मार्चअखेरीस जायचं ठरवलं होतं. तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये काका गेले. अठराशे रुपयांना मी सात पिढ्या विकल्या, असं मी घरी म्हणतो तेव्हा आमच्या सौ. रागावतात. पण हिशेब तोच आहे.

म्हणून आता सांगतो ते लिहून घ्या.

एक. नवा फोन घ्यायच्या आठवडाभर आधी आपल्या गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड आठवतो का ते बघा आणि त्या खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे ते बघा. आपल्यासारख्या बदलीवाल्यांचा हा खास रोग आहे. जुलै २०१५ पर्यंत एका सर्कलचा नंबर दुसऱ्या सर्कलमध्ये नेता येत नव्हता, त्यामुळे दर बदलीला नवा नंबर घेतला जायचा. पण बँकेत, आधारला, ई-मेलला तो जुना नागपूरचा नाहीतर भोपाळचाच नंबर राहिलेला असतो. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे जाणार. हे आधी दुरुस्त करा.

दोन. नंबर कुठे साठवले आहेत ते बघा. सिमवर, फोनमध्ये की खात्यात? खात्यात असलेलेच आपोआप नव्या फोनवर येतील यावर विश्वास ठेवा.

तीन. व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटचा कधी झाला त्याची तारीख त्याच्या सेटिंगमध्ये दिसते. "होत असेल" असं म्हणू नका, तारीख वाचा. दोन्ही फोन अँड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असतील तर क्यूआर कोड दाखवून एका फोनवरून थेट दुसऱ्यावर गप्पा हलवण्याची सोयही २०२३ पासून आहे.

चार. यूपीआय आणि बँकेची ॲप सामानाबरोबर येत नाहीत. ती नव्यानं सुरू करावी लागतात. त्या वेळी तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि नंबर याच फोनमध्ये आहे याची खात्री केली जाते. म्हणून बँकेला जोडलेलंच सिम नव्या फोनमध्ये असायला हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. शिवाय नव्या फोनवर पहिला दिवसभर पैसे पाठवण्याच्या रकमेवर मर्यादा असते. तेव्हा घरभाडं द्यायच्या दिवशी किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका, आणि दोन दिवसांपुरती रोकड घरात ठेवा. माझ्यासारख्या पेन्शनरांनी नोव्हेंबर टाळावा. चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१ पासून झाली आहे, पण आपण हयात आहोत हे नव्या फोनला ऐन वेळी पटवत बसायला नको. आणि या गडबडीत कोणी फोन करून "मी मदत करतो, ओटीपी सांगा" म्हणालं, तर तो कितीही गोड मराठी बोलत असला तरी फोन ठेवून द्या.

पाच, आणि हेच महत्त्वाचं. शेवटची फेरी मारा. जुन्या फोनमधलं "फाइल्स" नावाचं ॲप उघडा आणि एकेक फोल्डर बघा. रेकॉर्डिंग, डाउनलोड, स्कॅन केलेली कागदपत्रं, टिपणं. तिथे काय आहे ते तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. जे हवं असेल ते केबल लावून संगणकावर घ्या आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. संगणकावर उघडून, ऐकून बघा. नुसतं नाव दिसतंय म्हणजे फाइल आली, असं होत नाही.

सहा. जुना फोन पंधरा दिवस घरात राहू द्या. बदल्यात द्यायचा असेल तरी नवा फोन आधी दुसरीकडून आणता येतो का बघा, किंवा ते हजार-दोन हजार सोडून द्या. पंधरा दिवसांत काय राहिलं ते आपोआप आठवतं. त्यानंतर आधी त्यातलं आपलं खातं काढा, मग फोन कोरा करा. नाहीतर पुढच्या माणसाकडे तो तुमचाच पासवर्ड मागत बसेल. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. कोणाला द्यायचाच नसेल तर कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

तरुण मंडळींना एक विनंती. आजी-आजोबांचा फोन हातात घेऊन भराभर बोटं फिरवून "झालं" म्हणू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि पुसायच्या आधी विचारा, "यातलं काय ठेवायचं?" तुम्हाला जो कचरा वाटतो, त्यात कोणाचा तरी आवाज असू शकतो.

काकांच्या रेकॉर्डिंगचं पुढे थोडंसं झालं, ते सांगून थांबतो. त्याच दुपारी चुलतबहिणीला गंमत म्हणून मी सुरुवातीचा तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मला आठवतही नव्हतं. २०२२ साली ती फोन बदलत होती, तेव्हा मी तिला ही शेवटची फेरी मारायला लावली आणि तो तुकडा सापडला. सहा मिनिटं आहेत. तिसऱ्या पिढीपर्यंत येतो आणि मध्येच थांबतो. ती तीन नावं आता मी वहीत लिहिली आहेत, चार ठिकाणी ठेवली आहेत. उरलेली चार कोणाला ठाऊक नाहीत.

परवा रविवारी सकाळी दहा वाजता, आरती झाल्यावर, मी आणि मंडळातले दोन तरुण इथेच मांडवात बसणार आहोत. ज्यांना फोन बदलायचा आहे त्यांनी जुना फोन आणि त्याची केबल घेऊन यावं. कोणता नवा घ्यायचा ते नंतर बघू.

गणपती बाप्पा मोरया!